खर्रा सोडवायचाय? मग तारीख, मात्रा आणि फेरतपासणी लिहा

पत्र: चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. रोज ऐंशी-नव्वद पेशंटची ओपीडी. निम्म्या पुरुषांच्या गालात खर्रा असतो, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. भिंतीवर कॅन्सरचे फोटो लावलेत, प्रत्येकाला ‘सोडा’ म्हणून सांगते, पण दोन वर्षांत सोडलेला एक पेशंट आठवत नाही. एकाला निकोटीन गम (तलफ शमवायला थोडं निकोटीन देणारं च्युइंगम) लिहून दिली, तर ‘उचकी लागली मॅडम, फेकून दिली’ म्हणाला. दुसऱ्याने आठ दिवस सोडला आणि पोट साफ होत नाही म्हणून परत सुरू केला. गरोदर बायका ‘आम्ही नाही जी खात’ म्हणतात आणि दात तर काळे. एवढ्या गर्दीत हे करायचं कसं? औषध कुणाला, किती द्यायचं? आणि आमचा शिपाईच दाराशी खर्रा चघळत उभा असतो, त्याचं काय करू?

उत्तर:

डॉक्टर, ज्याला उचकी लागली त्याने गम खर्र्यासारखी चघळली होती. ज्याचं पोट साफ होत नव्हतं त्याला सोडायच्या आधीच इसबगोल द्यायला हवं होतं. आणि काळ्या दातांच्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्यांना विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तुमच्या पत्रातल्या तिन्ही अपयशांत पेशंटचा निर्धार कुठेच कमी पडलेला नाही, उपचार अर्धवट राहिला आहे.

बीपीच्या पेशंटला ‘बीपी कमी करा’ एवढंच सांगून आपण घरी पाठवत नाही. मोजतो, गोळी लिहितो, महिन्याने बोलावतो, नाही उतरलं तर मात्रा बदलतो. तंबाखूच्या बाबतीत मात्र उपदेश करून केसपेपर पुढे सरकवतो. व्यसनाचं निदान केसपेपरवर लिहायला सुरुवात करा, ताप-खोकल्याच्या शेजारीच: ‘तंबाखू अवलंबन, खर्रा, रोज ५, उठल्यावर लगेच.’ लिहिलेली गोष्ट पुढच्या भेटीत कुणीतरी वाचतं.

अपेक्षेचंही जरा बोलू. कुणाचीही मदत न घेता वर्षभरात सोडणारे शंभरात दोन-तीन. डॉक्टरने नेमका, थोडक्यात सल्ला दिला की त्यात आणखी एक ते तीन जणांची भर पडते. आकडा छोटा दिसतो. पण महिन्याला पाचशे वेगवेगळ्या तंबाखूवाल्यांना तुम्ही सल्ला देत असाल, तर दोन टक्क्यांनीही दहा माणसं झाली. ती तुम्हाला आठवत नाहीत, कारण सोडलेला माणूस ‘सोडला’ हे सांगायला रांगेत उभा राहत नाही. परत सुरू केलेला मात्र खोकला घेऊन येतो. औषध आणि पाठपुरावा जोडला की हे यश कितीतरी वाढतं. आणि सल्लाच मुळात कमी दिला जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. बाकीचा सगळा कारभार गालात. तरी देशभरात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ‘सोडा’ हा सल्ला मिळाला होता, तर तोंडाने तंबाखू खाणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्यालाच.

आता गर्दीचं. हे सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही. केसपेपर काढणारा किंवा बीपी बघणारी सिस्टर प्रश्न विचारेल, तुम्ही अर्धं मिनिट बोलाल, आणि बाकीची दहा मिनिटं सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा समुपदेशक बाजूच्या खोलीत देईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही आरोग्य कर्मचाऱ्याचा थोडक्यातला सल्ला ३० सेकंद ते ३ मिनिटांचाच धरला आहे. तिशीवरच्यांच्या सीबॅक फॉर्मवर, म्हणजे बीपी-शुगर-कॅन्सरचा धोका तपासायच्या फॉर्मवर, आशाताईंनी तंबाखूचा रकाना भरलेला असतोच. तो फॉर्म कपाटात ठेवण्याऐवजी टेबलावर आणा.

प्रश्न कसा विचारायचा? ‘तंबाखू खाता का?’ याचं उत्तर ‘नाही’ येतं. कारण खर्रा म्हणजे खर्रा, विडी म्हणजे विडी, आणि नस, म्हणजे तंबाखूची भुकटी, तर दात घासायचं औषध. ‘दिवसाला किती खर्रे होतात?’ असा विचारा. ‘विडीचं बंडल किती दिवस पुरतं?’ बायकांना, ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ या एका प्रश्नात नस निघते, छत्तीसगडच्या बाजूला गुडाखू निघतो, पश्चिम महाराष्ट्रात मिश्री निघते, सगळे तंबाखूचेच प्रकार. पुढचा प्रश्न सगळ्यांत कामाचा: ‘सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला घेता?’ अर्ध्या तासाच्या आत असेल तर अवलंबन जास्त समजा. रात्री उठून घेतो का, गालात ठेवून झोपतो का आणि रस थुंकतो की गिळतो, हेही विचारून घ्या. रस गिळणाऱ्याला निकोटीनची सवय जास्त असते.

मग तोंड उघडायला सांगा, टॉर्च मारा. ही तपासणी तीस सेकंदांची आहे आणि भिंतीवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त काम करते. त्याचीच तीन बोटं उभी करून दातांमधून आत घालायला लावा. दोनच गेली, तर आतलं अस्तर ताठ होऊ लागलंय. हे सुपारीचं काम. तिखट लागल्यावर जळजळ होते का विचारा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांवर न भरलेला व्रण, मानेत गाठ, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागाची चिठ्ठी. आणि त्याच्याच मोबाइलवर गालाचा फोटो काढून त्याला दाखवा. दुसऱ्याचा कुजलेला जबडा पाहून माणूस तोंड फिरवतो. स्वतःच्या गालातला पांढरा डाग त्याला दिवसभर जिभेने चाचपावासा वाटतो.

तुमचं अर्धं मिनिट इथे. आवाज न चढवता, नाव घेऊन: ‘भाऊ, ही तीन बोटं जात नाहीत ती खर्र्याने. आज थांबलात तर ते इथेच थांबू शकतं. सोडणं अवघड आहे, पण त्यावर औषध आहे आणि आम्ही सोबत आहोत. सिस्टरांकडे दहा मिनिटं बसून जा.’ बस. ‘तुम्ही तयार आहात का?’ असं विचारत बसू नका. मधुमेहाच्या पेशंटला ‘गोळी घ्यायची तयारी आहे का?’ असं विचारून आपण थांबत नाही. मदत सगळ्यांसमोर ठेवायची, नको असेल तर तो नाही म्हणेल. जो नाही म्हणतो त्याच्याशी वाद नको. ‘सोडणं तुम्हाला दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं?’ तो ‘तीन’ म्हणाला, तर ‘मग एक का नाही?’ असं विचारा. उत्तरात त्याचं स्वतःचं कारण बाहेर येतं: पोरगी रागावते, तिखट खाता येत नाही, पैसे जातात. वीसचा एक असे रोज चार धरले तर महिन्याला २४०० रुपये. हा हिशेब त्यालाच करू द्या. त्याने सांगितलेलं कारण केसपेपरवर लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला तिथूनच बोलणं सुरू करा.

जो हो म्हणतो, त्याला तारीख. दोन आठवड्यांच्या आतली. पाडवा, एकादशी, पोरीचा वाढदिवस, काहीही चालेल, पण दिवाळी चार महिन्यांवर असेल तर ती तारीख नव्हे, ते टाळणं आहे. घरात लग्न किंवा शेतात काढणी चालू असताना तारीख धरू नका. हळूहळू कमी करण्यापेक्षा ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांचं यश थोडं जास्त दिसतं. पण एकदम सोडायला घाबरणाऱ्याला अडवू नका. त्याचा पहिला खर्रा दर दोन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकला आणि तारीख कायम ठेवा. आदल्या रात्री पुड्या, पन्नी, चुन्याची डबी घराबाहेर. फेकायच्या, शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत.

आता गमचं, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. खर्रा खाणाऱ्याच्या जबड्याला एकच चाल माहीत आहे: भराभर चघळायचं आणि रस सुटू द्यायचा. गम तशी चघळली की निकोटीन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि उचकी, मळमळ, छातीत जळजळ सुरू होते. निकोटीन शोषलं जायला हवं ते गालातून. म्हणून पहिला तुकडा तुमच्या किंवा सिस्टरच्या समोर खायला लावा. आठ-दहा वेळा हळू चावा. मिरीसारखं तिखट लागलं, चुणचुणलं, की थांबा. गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिनिटभराने चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असा एक तुकडा अर्धा तास चालतो. थुंकायचं नाही, पण लाळ घटाघट गिळायचीही नाही. ज्या जागी नेहमी खर्रा ठेवतो, जिथे चुन्याने भाजलंय, ती जागा टाळा.

आंबट पदार्थ हा दुसरा घोटाळा. गम खाण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, ताक काही नको. आंबट तोंडात निकोटीन गालातून आत शिरत नाही. पेशंटला हे चुन्याच्या भाषेत सांगा, लगेच कळतं: चुना का घालतो? ‘चुन्याशिवाय चढत नाही.’ बरोबर, चुना तोंड अल्कधर्मी करतो म्हणून निकोटीन झपाट्याने रक्तात जातं. गममध्येही तसा क्षार घातलेला असतो, पण सौम्य. म्हणून गम ‘चढणार’ नाही, फक्त तलफ खाली बसवेल. हे आधीच सांगितलं नाही तर पेशंट ‘यात काही दम नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी सोडून देतो.

मात्रा: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २. दोन मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, चारची तुम्ही लिहून द्यायची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान आठ-नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी. बहुतेक पेशंट पैसे वाचवायला किंवा भीतीने दिवसाला दोनच घेतात आणि चौथ्या दिवशी पानठेल्यावर सापडतात. ‘तलफ आल्यावर घ्या’ असं सांगू नका, घड्याळाने घ्यायला सांगा. तलफ शिगेला पोचल्यावर घेतलेली गम उशिरा काम करते. निकोटीनला घाबरणाऱ्याला सांगा की कॅन्सर होतो तो तंबाखूतल्या नायट्रोसामीनसारख्या द्रव्यांनी आणि सुपारीने. निकोटीन सवय लावतं. गममध्ये फक्त सवयीचं औषध आहे.

तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल, दात हलत असतील किंवा कवळी असेल तर गम लिहू नका. लॉझेंज द्या, म्हणजे न चावता गालात विरघळू द्यायची गोळी, दोन किंवा चार मिलिग्रॅमची, मात्रेचा नियम तोच. किंवा पॅच, म्हणजे त्वचेतून निकोटीन देणारी चिकटपट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेट-विड्या ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. दहा किंवा कमी असेल तर १४ पासून सुरू. रोज सकाळी नवा पॅच, नवी जागा, दंडाच्या वरच्या भागावर किंवा पाठीवर, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर. तेल लावलेल्या अंगावर तो टिकत नाही, आणि तुमच्याकडच्या मे महिन्यात घामाने सुटतो. दुपारी बघायला सांगा. रात्री भलतीसलती स्वप्नं पडली तर झोपताना काढून टाका. ज्याची सवय जबर, त्याला पॅच आणि वर तलफेपुरती गम, असे दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगले चालतात.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन सगळ्यांत उपयोगी आणि तोंडाने तंबाखू खाणाऱ्यांतही चालणारं. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायची तारीख आठव्या दिवशी. जेवणानंतर, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते आणि पेशंट बंद करतो. किडनीचं काम फार कमी असेल तर मात्रा अर्धी. बुप्रोपिऑन १५० मिलिग्रॅम तीन दिवस एकदा, मग दोनदा, मध्ये किमान आठ तास. दुसरी गोळी झोपताना नको. तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करायची. हे विडी-सिगारेटसाठी, तंबाखू चघळणाऱ्यांत त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. आणि फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन मुळीच नाही. रोज दारू पिणारा, जो ‘दोन्ही एकदम सोडतो’ म्हणतो, त्याला तर नाहीच, कारण दारू अचानक थांबवताना फिट येण्याचा धोका असतो. तुमच्या भागात हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका.

प्रामाणिकपणे सांगायचं तर खर्र्यात औषधांचा पुरावा विडी-सिगारेटइतका भक्कम नाही. एक मोठं कारण सुपारी. खर्र्यात तंबाखूपेक्षा सुपारी जास्त, आणि सुपारीची स्वतःची तलफ असते. निकोटीन गम ती भागवत नाही. पेशंट विचारतो, ‘तंबाखू सोडतो, नुसती सुपारी चालेल का?’ नाही. सुपारी एकटीसुद्धा तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरते, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकलं, आणि तोंडाचं अस्तर ताठ करणारीही तीच. तोंडाला चाळा म्हणून भाजलेली बडीशेप, लवंग, ज्येष्ठमधाचा तुकडा द्या. आवळा चालेल, पण गमच्या वेळेला नाही, आंबट आहे.

धूर सोडणाऱ्याबद्दल एक गोष्ट सहसा राहून जाते. विडीच्या धुरातल्या काही द्रव्यांनी यकृत काही औषधं वेगाने जाळतं. धूर थांबला की तीच औषधं रक्तात साचतात. दम्याचा पेशंट थिओफायलीनवर असेल किंवा मानसिक आजाराचा क्लोझापिन, ओलांझापिनवर, तर तारखेनंतर आठवडाभरात मात्रा बघा. चहा-कॉफीचंही तसंच, विडी सोडल्यावर ‘झोप लागत नाही, छाती धडधडते’ म्हणणाऱ्याचे चहा आधी निम्मे करा, मग गोळीचा विचार. खर्रावाल्याला हे लागू नाही. हे धुराचं काम आहे, निकोटीनचं नव्हे.

पहिला आठवडा. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग उतरत जातो, दोन ते चार आठवडे रेंगाळतो. चिडचिड, झोपमोड, भूक, लक्ष न लागणं, तोंडात व्रण. हे आधी सांगितलेलं असलं की पेशंट ‘सोडल्यामुळे आजारी पडलो’ म्हणत नाही. पोटाचं तर नक्की सांगा. निकोटीन आतड्याला ढकलतं. ते थांबलं की मलावरोध होतो. तुमच्या आठ दिवसांच्या पेशंटचं नेमकं हेच झालं. तारखेच्या दोन दिवस आधीपासून रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून, सकाळी उठल्याउठल्या दोन पेले कोमट पाणी, आणि संडासला जायची वेळ तीच. दोन-तीन आठवड्यांत आतडं ताळ्यावर येतं. वजन थोडं वाढतं, तेही सांगून ठेवा, विशेषतः शुगरच्या पेशंटला.

तलफ तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढी टाळायची: घोटघोट पाणी, दहा खोल श्वास, हाताला काम, जागा बदलायची. ‘मन खंबीर करा’ हे काही काम नव्हे. पेशंटबरोबर बसून त्याच्या दिवसातले खर्रे मोजा आणि प्रत्येकाला पर्याय लिहा. सकाळी संडासच्या आधीचा: त्या जागी कोमट पाणी आणि गम. निंदण-खुरपणीत मधल्या सुट्टीतला: बडीशेपेची पुडी त्याच खिशात, जिथे खर्रा असायचा. भुयारी कोळसा खाणीत विडी-काडी नेता येत नाही, तिथे चघळण्यावरच भर असतो. शिफ्टवर उतरण्याआधी पॅच. संध्याकाळी पानठेल्यावरचा: पहिले पंधरा दिवस घरी जायचा रस्ताच दुसरा. मित्रांना ‘डॉक्टरने तोंडात औषध दिलंय’ म्हणायला शिकवा. हा बहाणा चालतो, कारण तो खराच आहे. आणि दारू: परत सुरू होण्याच्या कितीतरी गोष्टी पहिल्या पेगपासून सुरू होतात, म्हणून निदान महिनाभर बैठक नको.

आता बायका. ज्यांना नस किंवा मिश्री लागते त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची सुरुवात दातदुखीपासून झालेली असते. ती लावली की ठणका बधिर होतो. म्हणून आधी दात. किडलेला दात तसाच ठेवून नस थांबवायला सांगितलं तर दुसऱ्या रात्री ती परत लावणार. ब्रश, पेस्ट आणि दंतवैद्याची तारीख एकाच चिठ्ठीवर. एएनसी (गरोदरपणाच्या) नोंदणीच्या पहिल्याच दिवशी ‘दात कशाने घासता’ हा प्रश्न विचारा, सासू बाहेर बसलेली असताना. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तंबाखू तोंडात वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं होतं. ‘बाळ लहान राहतं’ हे वाक्य ‘कॅन्सर होतो’पेक्षा या वयात जास्त ऐकलं जातं. गरोदरपणात गोळ्या नाहीत. समुपदेशन, दातांचा उपचार, आशाताईंची आठवड्याची भेट यावरच भागवायचं. बाळंतपणानंतर बहुतेकींना परत लागते, तेव्हा लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत पुन्हा तोच प्रश्न.

टीबीच्या पेशंटचं काम सोपं आहे. तो महिनोन्‌महिने तुमच्याकडे औषधाला येतोच. प्रत्येक वेळी एक वाक्य, त्याच्या कार्डावर एक टिकमार्क.

पाठपुरावा राहिला तर वरचं सगळं वाया. तारखेच्या तिसऱ्या दिवशी फोन, मग सातव्या, चौदाव्या, महिन्याने, तिसऱ्या, सहाव्या महिन्याला आणि वर्षाने. फोन डॉक्टरनेच करायला हवा असं नाही, पण ‘मॅडमनी विचारायला सांगितलंय’ हे म्हणायला हवं. एक साधी वही: नाव, काय आणि किती, पहिला केव्हा, तारीख, औषध, आणि फोनचे सात रकाने. ज्यांना गावात लाज वाटते त्यांच्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, मोफत. हा नंबर पाकीटबंद तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. तशी पुडी खिशात असेल तर काढायला लावून तिथेच दाखवा. टाटा मेमोरियलमधूनही ही सेवा चालते, मराठीत बोलायला माणूस मिळतो. औषधासाठी जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू मुक्ती केंद्राशी बोला. निकोटीन गम-पॅच २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तेव्हा मागणीपत्रात त्यांचं नाव टाका. मिळेपर्यंत मेडिकलवाल्याला सांगून दोन मिलिग्रॅमचं एक पाकीट सिस्टरच्या टेबलात ठेवा, निदान पहिला तुकडा समोर खायला लावण्यापुरतं.

आठ दिवसांनी परत सुरू केलेला तो माणूस पुन्हा आला की ‘परत सुरू केलात?’ असं म्हणू नका. आठ दिवस, तेही औषधाशिवाय, म्हणजे सगळ्यात कठीण तिसरा दिवस त्याने पार केलाय. ‘आठव्या दिवशी नेमकं काय झालं? कुठे होतात, कुणी दिला, काय खुपत होतं?’ हे विचारा. पोट म्हणाला तर इसबगोल, ठेला म्हणाला तर रस्ता, आणि दोन्ही बाबतीत या वेळी गम. नवी तारीख पंधरा दिवसांच्या आत.

आणि शिपाई. त्याला सगळ्यांसमोर बोलू नका, नोटीसही लावू नका. तो पुडी खिशातून मोज्यात घालेल एवढंच. एका दुपारी ओपीडी संपल्यावर त्याचाच केसपेपर काढा, तीन बोटं घाला, पहिला खर्रा किती वाजता ते विचारा, आणि वहीत पहिलं नाव त्याचं लिहा. सिस्टरांनाही गम कशी चावायची हे त्याच्यावरच शिकता येईल. तो तीन आठवडे टिकला, तर केसपेपर काढताना ‘दिवसाला किती खर्रे होतात?’ हा प्रश्न विचारायचं काम त्याच्याकडे द्या.